पंधरा दिवस बाजूला

कुणी विचारलं की तुम्ही नोकरी कुठे केली, तर मी “दवाखान्यात” एवढंच सांगून चहा पुढे करते. त्याहून जास्त सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची थोडी मागे सरकवतो. जळगावच्या एका खासगी इस्पितळात तळघरातल्या विभागात मी सव्वीस वर्षं काढली. तिथे येणाऱ्या पेशंटना किरणोत्सारी आयोडीन द्यायचं, हे माझं काम. “म्हणजे अणुबॉम्बमधलं?” असं एका लग्नात माझ्या चुलत जावेने पंगतीत मोठ्याने विचारलं होतं. त्यानंतर माझ्या डाव्या-उजव्या हाताची दोन्ही पानं जेवण संपेपर्यंत रिकामी राहिली. मी मात्र जिलबी दोनदा घेतली.

काम समजायला अवघड नाही. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती बिघडून गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की माणसाचं सगळं अंग पळायला लागतं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, खाऊन खाऊनही वजन उतरतं, झोप येत नाही, काहींचे डोळे बाहेर येतात. आधी गोळ्या देतात. गोळ्यांनी भागलं नाही किंवा त्या सोसल्या नाहीत, तर ऑपरेशन किंवा आमचं औषध. ही ग्रंथी अंगातलं आयोडीन ओढून घेते. म्हणून आयोडीनच किरणोत्सारी करून पाजायचं. ते जाऊन ग्रंथीत बसतं आणि तिथल्या तिथे तिला जाळतं. औषध मुंबईहून शिशाच्या जाड भांड्यात यायचं, हातात धरलं तर मनगट खाली जाईल इतकं जड. आत असायची एक साधी कॅप्सूल. पेशंटने ती पाण्याबरोबर गिळायची, मी लांबून मीटर धरून आकडा बघायचा आणि घरी सोडायचं. एवढं मोठं इस्पितळ, एवढी जाड भिंत, आणि उपचार अर्ध्या मिनिटाचा. बरेच जण गिळून झाल्यावर विचारायचे, “झालं?” त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्यासारखं काहीतरी असायचं.

खरं काम नंतरचं होतं. त्या माणसाच्या अंगातून काही दिवस किरणं बाहेर पडत राहतात. त्याला स्वतःला त्या दिवसांत वेगळं काही करायचं नसतं, जपायचं ते दुसऱ्यांना. गरोदर बाई, लहान मूल यांच्याजवळ बसायचं नाही, वेगळं झोपायचं, ताट-वाटी वेगळी, पाणी भरपूर. घरात लहान मूल असेल तर पंधरा दिवस. हे समजावताना माझी जीभ झिजायची. सराफ बाजारात खडे बसवणारा एक कारागीर होता. हात इतके थरथरायचे की त्याचं कामच बंद पडलं होतं. त्याला सगळं नीट समजावून पाठवलं. हात थांबले, पण गडी दीड महिना दुकानात गेला नाही. शेवटी मालकाचा फोन आला. ह्याचं म्हणणं असं, की माझ्या अंगातली किरणं सोन्यात उतरली आणि कुणा नवरीच्या गळ्यात गेली तर पाप कुणाला? मी फोनवरच हसत सुटले. तो मात्र गंभीर होता, आणि आता वाटतं, त्याने निदान विचार तरी केला होता.

औषध देण्याआधी संमतीपत्र असायचं, दोन पानी, छापील मराठीत. ते वाचून दाखवायचं, समजलं का विचारायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा, ही जबाबदारी माझी. शेवटून दुसरी ओळ अशी होती: “या उपचारानंतर पुढील काळात रक्ताचा कर्करोग होण्याची अल्प शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.” आमच्या डॉक्टरांनी मला तिचा अर्थ सुरुवातीलाच सांगून ठेवला होता. काही ठिकाणच्या अभ्यासात थोडा धोका दिसला असं म्हणतात, बऱ्याच ठिकाणी दिसला नाही. थायरॉइडच्या कर्करोगाला हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, तिथे ही काळजी जास्त; आपल्या छोट्या मात्रेत असलाच तर फार थोडा. पण नाहीच, असंही कुणी लिहून देत नाही. म्हणून ओळ छापलेली.

सुरुवातीची काही वर्षं मी ती ओळ इतर ओळींसारखीच वाचायचे. मग मुक्ताईनगरकडचे एक नाना आले. केळीचे बागायतदार, साठीच्या आसपासचे, नाडी अशी पळत होती की मनगट धरलं तर माझाच जीव घाबरा व्हायचा. गोळ्यांनी अंगावर चट्टे उठले होते, ऑपरेशन त्यांचं हृदय सोसलं नसतं. म्हणजे आमच्याशिवाय दार नव्हतं. मी कागद वाचला. ती ओळ आली तेव्हा नानांनी हात वर करून मला थांबवलं, पुन्हा वाचायला लावली. मग टोपी घातली आणि शांतपणे म्हणाले, “एक दुखनं घालवाले दुसरं कायले घेऊ बा? मले नको.” मी पायऱ्यांपर्यंत मागे गेले, डॉक्टरांनी येऊन समजावलं, पण नाना रिक्षात बसून निघून गेले. दोन-अडीच महिन्यांनी त्यांच्या गावच्या डॉक्टरचा फोन आला. नाना गेले होते; हृदय थकलं होतं. शिशाच्या भांड्यातली नानांची कॅप्सूल तर त्याच दिवशी वाया गेली होती.

त्यानंतर मी ती ओळ वाचणं बंद केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. छापील मराठी पेशंटच्या डोक्यावरून जायची, म्हणून मी धुळ्याकडच्या बायांना अहिराणीत समजावून सांगायचे, ती माझी माहेरची बोली. सांगता सांगता तेवढी ओळ गळायची. शेवटून तिसऱ्या ओळीवरून सरळ शेवटच्या ओळीवर. मला त्यात चलाखी वाटायची, थोडा अभिमानही वाटायचा, की माझ्यामुळे कुणी उठून जात नाही. डॉक्टरही म्हणायचे, ताई, तुमच्या हातचा पेशंट परत फिरत नाही.

असाच एक शब्द मी आणखी शोधून काढला होता, त्याचाही मला फार अभिमान होता. वेगळं राहायचं म्हणजे कसं, हे बायांना पटकन कळत नसे. वेगळं ताट म्हटलं की त्यांना छूत वाटायची, वेगळं अंथरूण म्हटलं की नवरा काय म्हणेल. मग एकदा मी म्हटलं, आपण पाळीत बाजूला बसतो ना, तसं बसायचं. समोरच्या बाईचा चेहरा लख्ख झाला. स्वयंपाकाला हात नाही, कुणाला शिवायचं नाही, कोपऱ्यात निजायचं, वेगळं ताट. सगळे नियम तिला आधीच पाठ होते. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगू लागले.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात बाजूला बसणं आजीनेच बंद करून टाकलं होतं. तिची सासू ओरडली तेव्हा आजी चुलीपुढून उठलीच नाही, ही गोष्ट आम्हाला लहानपणी कौतुकाने सांगितली जायची. शिवायचं नाही या शब्दाने आमच्या माणसांचं काय केलं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तोच शब्द मी रोज सकाळी दहा ते एक पेशंटच्या पदरात टाकत होते, कारण तो सोयीचा होता. माझ्या आईला हे मी कधी सांगितलं नाही.

दोंडाईच्याच्या रंजनाबाई आल्या त्या दिवसांतलीच ही गोष्ट. वय अठ्ठावीस-तीस. मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायचं काम. हात इतका कापायचा की खुडताना मिरचीच तुटायची, म्हणून कामावरून कमी केलेलं. नवरा मार्केटमध्ये हमाल. बरोबर सासू आणि अडीच वर्षांची मुलगी, कोमल. मुलगी सारखी आईच्या पदराला लोंबकळत होती, म्हणून मी जास्तच बजावून सांगितलं. पंधरा दिवस हिला जवळ घ्यायचं नाही, बाजूला बसल्यासारखं बसायचं. पुढे मी कागदावर लिहून देणार तोच सासूने मला थांबवलं. “बाजूले बसानं ना? मंग माले समजनं. तुम्ही आते नका सांगा.” म्हातारी इतकी ठाम होती की मी हसून पेन ठेवून दिलं. संमतीपत्र वाचलं, म्हणजे माझ्या पद्धतीने वाचलं. रंजनाबाईंनी नाव लिहिण्यापुरती सही केली आणि कॅप्सूल गिळली.

सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा ओळखूच येईनात. गाल भरलेले, हात स्थिर. मला ओंजळभर लाल मिरच्या कागदात बांधून दिल्या. पुढे थायरॉइडची रोजची एक गोळी चालू राहिली, ती बहुतेकांना लागतेच, आणि त्या आमच्या वहीतून निघून गेल्या. बरा झालेला पेशंट आमच्याकडे परत येत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल पुढची दहा वर्षं मला काहीच कळलं नाही.

माझ्या निवृत्तीला दोन-तीन महिने उरले असताना रंजनाबाई तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या. मी त्यांना बाकावर बसवलं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट. वरच्या मजल्यावर रक्ताच्या विकारांचा विभाग होता, तिथून त्या आल्या होत्या. रिपोर्ट मी वाचला आणि पुन्हा वाचला. रक्ताचा कर्करोग होता.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते इथे लिहिते, कारण ते लपवून पुढचं लिहिता येणार नाही. मनात आलं, ही विचारायला आली आहे. हिला कुणीतरी त्या औषधाबद्दल सांगितलं आहे. मी उत्तर जुळवायला लागले. पण त्या विचारायला आल्याच नव्हत्या, त्या माफी मागायला आल्या होत्या.

“ताई, मन्हीच चूक शे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीन पंधरा दिन सांगेल व्हतं. मी पाचवा दिनले डोकावरथून पानी लिधं. बठ्ठं शिवी टाकं. तेच आते रगतमा उतरनं.”

झालं होतं ते असं. सासूला बाजूला बसणं माहीत होतं, आणि ते पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की संपतं, हेही माहीत होतं. माझे पंधरा दिवस तिच्या हिशोबात कुठे बसतच नव्हते. पाचव्या दिवशी तिने सुनेला न्हाऊ घातलं, चुलीपुढे बसवलं आणि नात तिच्या मांडीवर दिली. रंजनाबाईंना मात्र माझे पंधरा दिवस लक्षात होते. सासूपुढे बोलायची सोय नव्हती. नियम मोडल्याची ती टोचणी दहा वर्षं आत राहिली होती आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांना तिचा अर्थ लागला.

मी त्यांना म्हणाले, तुमची काही चूक नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही. त्यांनी मान हलवली, माझं मन राखायला हलवावी तशी. संबंध नाही हे पटवायचं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. बाजूला बसणं दुसऱ्यांसाठी होतं, तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या रक्तात काही उतरलंच असेल तर ते पाचव्या दिवशीच्या अंघोळीने नाही, पहिल्या दिवशीच्या कॅप्सूलने. आणि तेही नक्की नाही, पण तशी एक ओळ तुमच्या कागदावर होती. एवढं सगळं तोंडाशी आलं. मी त्यांना चहा पाजला आणि बसस्टँडच्या रिक्षात बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जुनी फाइल काढून मात्रा बघितली. मग म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत हे कुणीच सांगू शकत नाही. औषध न घेतलेल्या माणसांनाही हा आजार होतोच, इतक्या कमी मात्रेने झाला असेल असं मला वाटत नाही. पण नाही, असं छातीठोक सांगता येणार नाही. मग मी त्यांना ती ओळ न वाचण्याबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ताई, आता ते उकरून तिला काय मिळणार, एवढंच म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडला याचीच मला लाज वाटली.

निरोप समारंभ झाला. शाल मिळाली. भाषणात डॉक्टरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, ताईंच्या हातचा पेशंट परत फिरत नाही. टाळ्या पडल्या. मी घरी येऊन ती शाल कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

चार महिने मी स्वतःला समजावत राहिले. मग रक्त विभागातली माझी जुनी मैत्रीण, तिथली सिस्टर, बोलता बोलता म्हणाली, तुझी ती दोंडाईच्याची बाई विचित्रच आहे गं. तिला आम्ही सांगितलं होतं की गर्दीत जाऊ नको, तुला जंतुसंसर्ग होईल. तर ती आता स्वतःच्या पोरीलाही जवळ येऊ देत नाही. पोर रडत होती आमच्याकडे.

मी दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला गेले. घर स्टेशनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. सासू मागेच वारली होती, नवरा कामावर होता. दार उघडलं ते कोमलने. बारा-तेरा वर्षांची, शाळेच्या कपड्यात, हातात वरणाची वाटी. ती वाटी तिने आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “माय, ठेवं.” आत खाटेवर बसलेल्या रंजनाबाई उठल्या, भिंत धरत आल्या, वाटी उचलून परत गेल्या. दोघींनाही याची इतकी सवय झाली होती की परक्या बाईसमोर त्यांना त्यात काही वाटलं नाही. 

रंजनाबाईंनी मलाही आत येऊ नका म्हणून सांगितलं. त्या मोडलेले दिवस पुरे करत होत्या. पंधरा दिवसांत दहा कमी पडले होते, पण दहा वर्षांनी त्याचे किती भरायचे हे त्यांना कोण सांगणार? म्हणून त्यांनी शेवटपर्यंत बसायचं ठरवलं होतं. पोरीला आपल्यातलं काही लागू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

मी उंबरा ओलांडला, खाटेवर त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. अहिराणीत सांगितलं, आणि या वेळी काही गळू दिलं नाही. त्या औषधातलं काहीही तुमच्या अंगात आज उरलेलं नाही, ते तेव्हाच महिना-दोन महिन्यांत संपलं. कोमलला तुमच्यापासून काहीही होणार नाही. बाजूला बसण्याचा शब्द माझा होता, तो चुकीचा होता. आणि कागदावर अशी अशी एक ओळ होती, ती मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. तुमचा आजार त्यामुळे आला की आपला आपणच, हे कुणालाच ठाऊक नाही, पण तुम्हाला ते आधी कळायला हवं होतं.

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं, चिडतील. मी त्यासाठीच आले होते, खरं तर मला ते हवं होतं.

“काबर नही सांगं तवय?” त्यांनी विचारलं.

“तू घर चालनी जाशी, आसं वाटनं माले.”

त्यांनी मान डोलावली. नानांची गोष्ट मी सांगितली नाही, ती माझ्या सोयीची झाली असती. मग त्या अगदी हळू, कुठलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, “तवय एक गोट दपाडी. आते दुसरी खरी शे, हाई मी कसावरथून मानू?”

एक गोष्ट लपवली, तर दुसरी खरी कशावरून, हे त्यांचं बरोबरच होतं. सव्वीस वर्षं माझ्या शब्दावर माणसांनी काय काय गिळलं होतं, आणि आता मी खरं सांगत होते तेव्हा माझा शब्द चालत नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी तो सोडवून घेतला. मी त्यांच्या वाटीतलं वरण पिऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला काय, तुम्हाला त्याची सवय आहे.

कोमल उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. तिने मला विचारलं, “खरं सांगा, माले काही व्हई का?”

“काहीच व्हवाव नही,” मी म्हणाले.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला की तिला आता कशाचीच पर्वा राहिली नव्हती, मला माहीत नाही. ती आत आली, खाटेशी खाली बसली आणि तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. रंजनाबाई ओरडल्या नाहीत, तिला ढकललं नाही. त्यांनी फक्त दोन्ही हात उचलून हवेत धरले, पोरीच्या केसांपासून वीतभर वर.  पोर रडत होती, आई तिच्याकडे बघत होती, आणि हात तसेच. मी उठले, चपला घातल्या, दारातून मागे वळून बघितलं, तरी ते खाली आलेले नव्हते.